बहामाजहून फ्लोरिडाला परत: शिडाच्या बोटीची परतीची वाट, कस्टम्स आणि इमिग्रेशन

हिवाळ्यात फ्लोरिडाहून बहामाजला गेलेल्या शिडाच्या बोटी बहुतेक एप्रिल-मे महिन्यांत परतीला लागतात. १ जूनला चक्रीवादळांचा मोसम सुरू होतो आणि त्या तारखेपर्यंत बोट ठरावीक अक्षांशाच्या वर आलेली असावी, अशी अट बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये असते. मधले अंतर फार नाही. बिमिनीहून मायामी ४५ सागरी मैल, ग्रँड बहामाच्या वेस्ट एंडहून लेक वर्थ इनलेट (इनलेट म्हणजे समुद्रातून आत शिरायची वाट) ५६ मैल, म्हणजे एका दिवसाची शिडयात्रा. तरीही परतताना लोक अडकतात, आणि अडकवणारी कारणे बहुतेक वेळा समुद्रातली नसतात: कस्टम्सचे संपलेले डेकल (स्टिकर), अमेरिकेतल्या बंद नंबरवर जाणारा ओटीपी, पासपोर्टवरचा मुदत संपलेला व्हिसा, डेकवरच्या कुंडीतला कढीपत्ता. यातल्या एकाही गोष्टीचे उत्तर धक्क्यावर पोहोचल्यावर सापडत नाही. म्हणून हा लेख सुरू होतो बोट अमेरिका सोडते त्याच्याही आधीपासून.

हे सगळे अमेरिकेत नोंदलेल्या खासगी बोटींसाठी आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीला पोहोचल्याची खबर दिल्यावर ४८ तासांत रीतसर एंट्री करावी लागते आणि क्रूझिंग लायसन्स घ्यावे लागते. ती वाट वेगळी, तिच्यात इथे शिरत नाही.

१. अमेरिका सोडण्याआधी करायच्या गोष्टी

कस्टम्सचे डेकल. बोट ३० फूट किंवा त्याहून लांब असेल तर सीबीपी, म्हणजे कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन, या खात्याचे वार्षिक शुल्क भरून स्टिकर घ्यावे लागते. ते ऑनलाइन, डीटॉप्स या सरकारी पोर्टलवरून मिळते आणि टपालाने घरी येते. इथला सापळा असा: डेकल कॅलेंडर वर्षाचे असते. ऑक्टोबरात घेतलेले डेकल ३१ डिसेंबरला संपते आणि तुम्ही परतता एप्रिलमध्ये. जाताना स्टिकर अगदी नवेकोरे दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. वर्ष सरता सरता पुढच्या वर्षाच्या डेकलची विक्री सुरू होते. तोवर तुम्ही निघून गेला असाल तर ऑनलाइन मागवा, घरच्या पत्त्यावर कोणाला तरी टपालावर लक्ष ठेवायला सांगा आणि डेकलचा क्रमांक फोटोने मागवून घ्या. पोहोचल्याची नोंद करताना विचारला जातो तो हाच क्रमांक.

रोम ॲप. लहान बोटींनी पोहोचल्याची खबर द्यायची ती सीबीपी रोम या मोफत ॲपवरून. इंग्रजी अक्षरे आर-ओ-ए-एम. ॲप स्टोअरमध्ये तशीच शोधा. २०१८ पासून जुन्या एसव्हीआरएस या पद्धतीची जागा याने घेतली आहे. लॉगिन लॉगिन-डॉट-गव्ह या सरकारी खात्याने होते, आणि त्या खात्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सक्तीची आहे. पडताळणीचा कोड तुमच्या अमेरिकन मोबाइलवर एसएमएसने येणार असेल आणि चार महिने तुम्ही बहामाजचे सिम वापरत असाल, तर नांगर टाकल्यावर ॲप उघडणारच नाही. पडताळणीसाठी ऑथेंटिकेटर ॲप जोडा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून लॉगबुकात ठेवा. खाते उघडल्यावर दोन गोष्टी घरबसल्या भरून टाका: प्रत्येक प्रवाशाचे पासपोर्टवरचे तपशील आणि बोटीची माहिती, म्हणजे नाव, लांबी, नोंदणी किंवा डॉक्युमेंटेशन क्रमांक, बोटीच्या सांगाड्यावरचा (हलचा) क्रमांक आणि डेकल. ही माहिती साठवून ठेवता येते. हलत्या बोटीत, उन्हाने दिपलेल्या स्क्रीनवर पाच जणांचे पासपोर्ट क्रमांक टाइप करायला लागले की चुका होतातच.

महागड्या सामानाची नोंद. नवे आउटबोर्ड इंजिन, लॅपटॉप, कॅमेरा, सॅटेलाइट फोन अशा अनुक्रमांक असलेल्या वस्तू निघण्याआधी सीबीपीच्या कार्यालयात नेऊन फॉर्म ४४५७ वर शिक्का मारून घ्या. परत येताना ‘हे तिकडे विकत घेतले का’ हा प्रश्न तिथेच मिटतो. ते जमले नाही तर अमेरिकेतल्या खरेदीच्या पावत्या जवळ ठेवा. बंदूक नेत असाल तर मात्र हा फॉर्म टाळू नका.

२. बोटीवर कोण आहे? व्हिसाचा हिशोब

मराठी वाचकांनी सर्वांत सावकाश वाचावा तो हा भाग. परतीच्या टप्प्यासाठी नासाऊ किंवा फ्रीपोर्टला विमानाने येऊन क्रूमध्ये सामील होणारे मित्र आणि नातेवाईक बरेच असतात. बोट अमेरिकन असली तरी माणसांना तिच्या नोंदणीचा काडीचा उपयोग नाही. प्रत्येकाची पात्रता स्वतंत्र तपासली जाते.

अमेरिकन नागरिकाला पासपोर्ट लागतो. बहामाजहून समुद्रमार्गे परतताना पासपोर्ट कार्डही चालते. ग्रीन कार्डधारकाने कार्ड आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही बरोबर ठेवावेत. सलग १८० दिवसांहून जास्त काळ बाहेर राहिल्यास परतताना नव्याने प्रवेश मागणारा म्हणून चौकशी होऊ शकते. नोव्हेंबर ते एप्रिल या सफरीत ती सीमा जवळ येते, तेव्हा तारखा मोजून ठेवा.

एच-१बी, एल-१ किंवा त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या पासपोर्टमध्ये मुदतीतला व्हिसाचा शिक्का असायलाच हवा. ‘कॅनडाला जाऊन आलो तेव्हा संपलेल्या व्हिसावर परत घेतले होते’ हा अनुभव इथे फसवतो. त्या सवलतीचे नाव ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन. ती कॅनडा आणि मेक्सिकोच्या ३० दिवसांपर्यंतच्या भेटीला लागू होते. शेजारच्या बेटांसाठी, ज्यांत बहामाज येते, ती फक्त एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिजिटरना आहे, आणि तिथेही मर्यादा ३० दिवसांचीच. एच-१बीवाल्याचा शिक्का संपला असेल तर त्याने बहामाजला जाऊच नये. आय-७९७ ची, म्हणजे अर्ज मंजूर झाल्याच्या सरकारी नोटिशीची, प्रत आणि नोकरी चालू असल्याचे कंपनीचे ताजे पत्र बरोबर असू द्या. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असणाऱ्यांना ॲडव्हान्स पॅरोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) लागतो की नाही हे त्यांच्या व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून असते, आणि ते वकिलाला विचारायचे ते अमेरिकेतून बाहेर पडण्याआधी.

आणखी एक. ब्रिटिश किंवा दुसऱ्या युरोपीय पासपोर्टवर एस्टा (व्हिसाशिवाय येण्याची ऑनलाइन परवानगी) काढून अमेरिकेत येणारे नातेवाईक असतात. एस्टा विमानाने आणि मोठ्या प्रवासी जहाजाने येताना चालते, तुमच्या खासगी बोटीने येताना चालत नाही. त्यांना बी-१/बी-२ व्हिसा लागेल, नाहीतर त्यांनी विमानाने परतावे. कप्तान म्हणून हे तपासण्याची जबाबदारी तुमची. क्रू ठरवतानाच प्रत्येकाकडून पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाचा फोटो मागा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

३. कागदांची पिशवी

एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, एकाच ठिकाणी:

- सर्वांचे पासपोर्ट, व्हिसा, ग्रीन कार्ड
- कोस्ट गार्ड डॉक्युमेंटेशनचे किंवा राज्य नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र
- डेकलचा क्रमांक
- बहामाजचा क्रूझिंग परवाना आणि इमिग्रेशनचे कागद
- एफसीसी या अमेरिकेच्या दळणवळण खात्याचे शिप स्टेशन लायसन्स आणि रेडिओ ऑपरेटर परमिट. परदेशी जाणाऱ्या बोटीला दोन्ही लागतात
- विम्याची प्रत, फॉर्म ४४५७, बहामाजमधल्या खरेदीच्या आणि दुरुस्तीच्या पावत्या
- क्रूची यादी: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, बोटीवर कुठे चढले
- औषधांच्या चिठ्ठ्या

कुत्रा असेल तर १ ऑगस्ट २०२४ पासून सीडीसी या अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा डॉग इम्पोर्ट फॉर्म ऑनलाइन भरून त्याची पावती जवळ ठेवावी लागते. कुत्रा किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप लावलेला आणि दिसायला निरोगी हवा. अमेरिकेतून नेलेल्या कुत्र्यालाही परतताना हा नियम लागू आहे.

४. फ्रीज, कपाटे आणि कचरा

सीबीपीचा एक नियम लक्षात ठेवला की बाकी सोपे होते: जे खाण्याचे आहे ते सगळे जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेली सापडली तर दंड होतो.

निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ताजे पदार्थ संपवायला लागा. फळे, भाज्या, कच्चे मांस, कोंबडी आणि अंडी यांच्यावरच आक्षेप येतो. फळ अमेरिकेतून नेलेले आहे हा बचाव पुरेसा नसतो, कारण ते सीमेबाहेर जाऊन आलेले असते. डबाबंद वस्तू, बिस्किटे, पीठ, दळलेले मसाले मूळ वेष्टनात ठेवा. वजन आणि जागा वाचवायला सगळे साध्या बरण्यांमध्ये ओतून लेबले फेकून देण्याची सवय बोटीवर सर्रास असते. निदान लेबल कापून बरणीत टाका. तांदळाबद्दल खास सांगायचे तर खाप्रा नावाच्या किड्यामुळे भारतासह काही देशांच्या तांदळावर प्रवाशांसाठी बंदी आहे, म्हणून पिशवी आणि अमेरिकेतल्या दुकानाची पावती दोन्ही जपा आणि आपणहून सांगा.

आता कढीपत्ता. कढीपत्त्याची ताजी पाने आणि रोप कोणत्याही देशातून अमेरिकेत आणता येत नाही. ते झाड लिंबूवर्गातले आहे. त्यावर राहणारी सिला नावाची बारीक कीड सिट्रस ग्रीनिंग हा रोग पसरवते, आणि फ्लोरिडाच्या संत्र्याच्या बागांचे या रोगाने अतोनात नुकसान केले आहे. कॉकपिटमधली तुळस, पुदिना आणि कुंडीतली माती यांनाही हाच न्याय. कुंडी निघण्याआधी बहामाजमध्येच कोणाला तरी देऊन टाका.

दारू २१ वर्षांवरील प्रत्येकाला एक लिटर शुल्काविना. कॅरिबियनमध्ये बनलेली असेल तर आणखी एक लिटर. त्याहून जास्त आणता येते, पण जाहीर करून आणि शुल्क भरून. एकूण खरेदीची सवलत माणशी ८०० डॉलर. नासाऊच्या दुकानांत क्युबन सिगार आणि क्युबन रम राजरोस विकली जाते. २४ सप्टेंबर २०२० पासून दोन्ही अमेरिकेत आणायला मनाई आहे, स्वतःसाठी एकसुद्धा नाही. रोख १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर फिनसेन १०५ हा फॉर्म भरावा लागतो, आणि रक्कम कुटुंबाची एकत्र धरतात. गांजा काही राज्यांत कायदेशीर असला तरी सीमेवर फेडरल कायदाच चालतो.

मासे पकडले असतील तर बहामाजच्या हद्दीत पकडलेले माही, वाहू, स्नॅपर आणि ग्रूपर फिले (बिनकाट्याचे काप) करून आणता येतात, पण कातडी तशीच ठेवायची म्हणजे जात ओळखता येते. दोन फिले म्हणजे एक मासा असा हिशोब, आणि अमेरिकेची मर्यादा लागू. बहामाजचा वैध परवाना आणि तारखेचे शिक्के असलेले पासपोर्ट बरोबर हवेत, गळ-दांडे गुंडाळून ठेवलेले हवेत, आणि बोट वाटेत न थांबता यायला हवी. शेवंड आणि शंखाचे मांस तिथेच खाऊन संपवा. आणायचा विचारच नको.

कचऱ्याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. परदेशातून आलेल्या बोटीवरचा अन्नाचा कचरा हा नियंत्रित कचरा समजला जातो. तो न गळणाऱ्या, झाकणाच्या डब्यात ठेवायचा आणि सीबीपी सांगेल तिथेच द्यायचा. मरीनाच्या कचराकुंडीत घाईघाईने पिशवी टाकून यायचे नाही. उरलेले अन्न ओलांडताना बारीक करून, जवळच्या किनाऱ्यापासून १२ मैलांपलीकडे समुद्रात टाकता येते. प्लॅस्टिक कुठेच नाही. २६ फुटांवरच्या बोटीवर कचऱ्याच्या नियमांची पाटी लावलेली असावी लागते, आणि ४० फुटांवरच्या बोटीवर लेखी कचरा-व्यवस्थापन योजना.

५. कुठे शिरायचे

लेक वर्थ इनलेट, पाम बीच. मोठ्या जहाजांची खोल वाट, जवळजवळ सर्व हवामानांत शिरता येते. आत वळले की नांगर टाकायला जागा मिळते. वेस्ट एंडहून येणाऱ्यांसाठी पहिली निवड हीच.

पोर्ट एव्हरग्लेड्स, फोर्ट लॉडरडेल. वाट तितकीच सोपी, पण क्रूझ जहाजांभोवती सुरक्षा क्षेत्र असते आणि बंदरात नांगर टाकता येत नाही. आत जायचे तर १७व्या रस्त्याचा पूल लागतो. बंद असताना खाली ५५ फूट जागा, आणि तो तासाला व अर्ध्या तासाला उघडतो. डोलकाठीची उंची अँटेनासकट मोजून ठेवा.

गव्हर्नमेंट कट, मायामी. क्रूझ जहाजे धक्क्याला असली की मुख्य वाहिनी लहान बोटींना बंद करतात. तेव्हा दक्षिणेची फिशरमन्स चॅनल धरायची.

फोर्ट पिअर्स. उत्तरेला जाणाऱ्यांना सोयीचे. बहामाजच्या ग्रेट सेल के या बेटाहून सुमारे ११५ मैल, रात्रभराचा प्रवास, पण गल्फ स्ट्रीमची साथ मिळते. इथली ओहोटी जोरदार आहे, आणि पूर्वेचा वारा असताना इनलेटच्या तोंडाशी उभ्या लाटा उठतात. भरतीच्या पाण्यावर किंवा पाणी स्थिरावले असताना शिरा. सीबीपीचे कार्यालय विमानतळावर आहे, धक्क्यावरून चालत जाण्याजोगे नाही.

६. वारा आणि प्रवाह

गल्फ स्ट्रीम फ्लोरिडा आणि बहामाज यांच्यामधून उत्तरेकडे वाहतो, गाभ्यात साडेतीन-चार नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). वाऱ्यात उत्तरेचा अंश असला, म्हणजे वायव्य, उत्तर किंवा ईशान्य, तर वारा प्रवाहाच्या तोंडावर येतो आणि लाटा आखूड, उभ्या आणि जवळजवळ येऊ लागतात. ईशान्येचा १५ नॉटचा वारा बहामाजच्या उथळ पाण्यात (बँकेवर) मजेत जातो. तोच प्रवाहात बोट आणि माणसे दोघांना पिटून काढतो. म्हणून नियम एकच आणि त्याला अपवाद करू नका: अंदाजात उत्तर दिसली की थांबायचे.

हिवाळ्यात थंड हवेचे फ्रंट साधारण आठवड्याला एक या गतीने येतात. वारा आग्नेयेकडून दक्षिण, मग नैर्ऋत्य, पश्चिम, वायव्य असा घड्याळाच्या दिशेने फिरत उत्तरेला जातो आणि पुढे ईशान्य-पूर्वेला टिकतो. ओलांडायची खिडकी दोन ठिकाणी असते: फ्रंट येण्याआधीचा आग्नेय-दक्षिण वारा, किंवा तो गेल्यावर वारा पूर्वेला येऊन १५ नॉटच्या खाली उतरल्यानंतर. पहिल्या खिडकीत घाई असते. फ्रंट अंदाजापेक्षा सहा तास आधी आला तर तो तुम्हाला मधोमध गाठतो. नवख्याने दुसरी खिडकी घ्यावी, आणि वारा फिरल्यावर समुद्र निवळायला आणखी एक दिवस द्यावा. एप्रिलपासून फ्रंट विरळ होतात. मेमध्ये दुपारची वादळे वाढतात, तेव्हा पहाटे निघून दुपारी आत पोहोचणे बरे.

आता आकडे. बोटीचा वेग साडेपाच नॉट, प्रवाह सरासरी अडीच नॉट धरू. बिमिनी ते मायामी अक्षांश जवळजवळ एकच. सरळ मायामीला पोहोचायचे तर नाळ (बोटीचे पुढचे टोक) प्रवाहाच्या उलट, दक्षिणेकडे सुमारे २७ अंश वळवून ठेवावी लागते, म्हणजे खरी दिशा २४३. जमिनीवरचा वेग ४.९ नॉटवर येतो आणि ४५ मैलांना सव्वानऊ तास लागतात. त्याऐवजी पोर्ट एव्हरग्लेड्स घेतले तर ते बिमिनीच्या २२ मैल उत्तरेला आणि ४३ मैल पश्चिमेला आहे. जवळजवळ सरळ पश्चिमेला नाळ ठेवली की आठ तासांत प्रवाह तुम्हाला २० मैल वर आपोआप नेऊन सोडतो. प्रवाहाशी झगडण्यापेक्षा त्याच्या वाटेवरचे बंदर निवडणे हेच शहाणपण. कंपासवर इथे सुमारे ७ अंश वाढवायचे, कारण चुंबकीय उत्तर पश्चिमेला झुकलेली आहे.

ऑटोपायलटचा सापळा इथेच आहे. त्याला नकाशावरच्या सरळ रेषेवर चालायला लावले की तो गाभ्यात प्रवाहाशी पूर्ण ताकदीने लढतो, कडेला कमी लढतो, आणि एकूण वेळ वाढतो. एकच नाळदिशा ठरवून ती कायम ठेवा. मार्ग नकाशावर आधी दक्षिणेला फुगेल आणि मग उत्तरेला वळेल. ते बरोबर आहे. दर तासाला जागा तपासा, प्रवाह अंदाजापेक्षा वेगळा निघाला तर दिशा दुरुस्त करा. वेस्ट एंडहून लेक वर्थला येताना ही दुरुस्ती जास्त जपून करावी लागते, कारण इनलेट अक्षांशाने फक्त चार मैल वर आहे. एकदा उत्तरेला वाहून गेलात की परत खाली येणे फार जिकिरीचे.

वाटेत उत्तर-दक्षिण जहाजांची वर्दळ मोठी असते. एआयएस (आसपासच्या जहाजांची नावे आणि जागा दाखवणारी यंत्रणा) चालू ठेवा, आणि जहाज दिसण्याची दिशा (बेअरिंग) बदलत नसेल तर व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवर जहाजाला नावाने हाक मारा.

७. बहामाज सोडताना

क्रूझिंग परवान्याची आणि इमिग्रेशनने दिलेल्या मुक्कामाची, दोन्ही मुदती तपासा. त्या एकच असतील असे नाही. जाण्याची नोंद आणि परवान्याचे पुढे काय करायचे हे शेवटच्या बंदरातल्या कस्टम्सला विचारून पूर्ण करा. परवान्याचा फोटो आपल्याजवळ राहू द्या, विशेषतः मासे असतील तर.

बिमिनीची वाहिनी उथळ आहे आणि वाळू सरकते, म्हणून उजेडात आणि पुरेशा पाण्यावर बाहेर पडा. वेस्ट एंडला लगेच खोल पाणी मिळते. तिथून पहाटे चारला निघणे शक्य आहे आणि दुपारी तीनच्या सुमारास लेक वर्थला पोहोचता येते.

निघताना टॉयलेटचा वाय-व्हॉल्व्ह होल्डिंग टँककडे (मैला साठवायच्या टाकीकडे) फिरवा आणि कुलूप लावून किंवा न सुटणाऱ्या केबल टायने बांधून टाका. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत मैला सोडता येत नाही, आणि कोस्ट गार्ड बोटीवर चढला की लाइफ जॅकेट, फ्लेअरची तारीख आणि आग विझवण्याची नळकांडी यांच्याबरोबर हा व्हॉल्व्ह हमखास पाहतो. नुसता ‘बंद’ पुरेसा नाही, तो बांधलेला दिसला पाहिजे.

८. पोहोचल्यावर

अमेरिकेच्या पाण्यात शिरताना उजव्या बाजूच्या स्प्रेडरवर (डोलकाठीच्या आडव्या दांडीवर) पिवळा क्यू झेंडा चढवा. आत जाऊन नांगर टाका किंवा धक्क्याला लागा. पुढचे काम खबर देणे, दुसरे काही नाही. कायद्यात शब्द आहे ‘ताबडतोब’. आधी डिझेल भरू, कुत्र्याला फिरवून आणू, भावाला बोटीवर घेऊ, असे काही करायचे नाही. खबर न दिल्याबद्दल कप्तानाला पहिल्या वेळी ५,००० डॉलर आणि त्यानंतर प्रत्येक वेळी १०,००० डॉलर दंड आहे, शिवाय बोट जप्त होऊ शकते. मंजुरी मिळेपर्यंत कोणी उतरायचे नाही, कोणी चढायचे नाही, सामान हलवायचे नाही. धक्क्यावर स्वागताला आलेल्या मंडळींना हे आधीच सांगून ठेवा. आजी-आजोबांकडे उडी मारणाऱ्या मुलाला त्या क्षणी थांबवणे कोणालाही जड जाते.

मग ॲप:

लॉगिन करा, नवी नोंद उघडा, बोट आणि प्रवासी साठवलेल्या यादीतून निवडा. शेवटचे परदेशी बंदर आणि सध्याची जागा भरा. फोनला लोकेशनची परवानगी दिलेली असू द्या. पुढे प्रश्न येतात: अन्न, दारू, १०,००० डॉलरवर रोख, शस्त्रे, परदेशात केलेली खरेदी. खरी उत्तरे द्या आणि नोंद पाठवा. अधिकारी व्हिडिओ कॉल करू शकतो, तेव्हा सगळे पासपोर्ट घेऊन कॉकपिटमध्ये एकत्र बसा. क्रूपैकी कोणी खाली झोपलेला असला तर त्याला उठवा. फोन किमान अर्धा चार्ज हवा, आणि कॅमेऱ्याची परवानगी ॲपला आधीच दिलेली हवी.

मंजुरीचा संदेश आला की स्क्रीनशॉट घ्या, मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि वेळ लॉगबुकात लिहा. मग क्यू झेंडा उतरवा. ॲप चाललेच नाही तर फोनने खबर देता येते. फ्लोरिडाचा क्रमांक सीबीपीच्या अधिकृत पानावरून आधीच घेऊन कागदावर लिहून ठेवा, आणि फोन केल्याची वेळही नोंदवा.

९. प्रत्यक्ष बोलावले तर

बोलावणे आले म्हणजे काही चुकले असे समजू नका. ज्यांना आय-९४ (प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची सरकारी) नोंद लागते, म्हणजे व्हिसावरचे सगळे, त्यांना बरेचदा कार्यालयात यायला सांगतात. कुठे, किती वाजेपर्यंत आणि कोणी यायचे, हे अधिकाऱ्याच्या तोंडून स्पष्ट ऐका आणि लिहून घ्या. सांगितल्यावर थेट जा, थेट परत या. वाटेत जेवायला थांबू नका. बरोबर कागदांची पिशवी पूर्ण न्या. कार्यालये बंदरात किंवा विमानतळावर असतात, तेव्हा टॅक्सीची सोय आणि कामाच्या वेळा पाहून शनिवारी संध्याकाळी पोहोचण्याचा बेत शक्यतो टाळा.

बोट तपासायला अधिकारी आले तर फ्रीज, कपाटे आणि बिल्जपर्यंत (बोटीच्या तळापर्यंत) सगळे उघडून दाखवा. काढून घेतलेले अन्न त्यांच्याच हाती द्या.

१०. आत आल्यानंतर

व्हिसावरच्या प्रत्येकाने दोन-तीन दिवसांत सीबीपीच्या संकेतस्थळावर आपली आय-९४ उघडून नाव, प्रवेशाची तारीख, व्हिसाचा वर्ग आणि मुक्कामाची शेवटची तारीख पाहावी. एच-१बीवाल्यांच्या बाबतीत एक चूक वारंवार निसटते: पासपोर्टची मुदत आय-७९७ वरच्या तारखेआधी संपत असेल तर मुक्कामाची तारीख पासपोर्टपुरतीच दिली जाते, आणि लोक आय-७९७ ची तारीख धरून निर्धास्त राहतात. नोंद चुकली असेल तर दुरुस्ती सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात होते. जाताना पासपोर्ट, आय-७९७ आणि रोमच्या मंजुरीचा स्क्रीनशॉट बरोबर न्या.